गाऱ्हाण्यातली अंडी

दीपिका खवणेकरचा स्त्रीबीजांचा साठा संपत आला आहे ही बातमी, दीपिका कोल्हापुराहून मालवणात पोहोचायच्या आधीच मालवणात पोहोचली. तपासणीचा अहवाल हातात पडल्यावर ती दवाखान्यात तोंड धुवायला गेली, तेवढ्या वेळात सर्वेशने आईला फोन केला. सर्वेश नवरा म्हणून चांगला होता, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. यमुनाबाई तेव्हा मासळी बाजारात पाटीवर बसल्या होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी सुरमई विकली. गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज आणि घरात बोलायचा आवाज, असे दोन आवाज त्यांच्यापाशी नव्हतेच.

"काय सांगतंस? सगळो साठो संपलो?" त्या फोनात ओरडल्या, आणि आजूबाजूच्या पाट्यांवर चाललेली घासाघीस थांबली.

संध्याकाळी एसटीतून उतरताना दीपिकाला शेजारची सावित्रीकाकी भेटली. तिने दीपिकाचा हात धरला. "वायट वाटून घेव नको गो. माझ्या आतेचा पण असाच झाला होता. तिचे तर दातपण गेले."

दीपिका अडतीस वर्षांची होती, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती आणि ओरोसला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिचे दात शाबूत होते. तिने "बरं" म्हटलं आणि घरी गेली. लग्नाला सात वर्षं झाली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एकदा बीज काढायचा प्रयत्न केला, तेव्हा हाताला काहीच लागलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी इंजेक्शनं मध्येच थांबवली. आता तिने मनाशी ठरवलं होतं की अजून एक खेप, आणि ती शेवटची. हे तिने फक्त सर्वेशला सांगितलं. म्हणजे सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात गाबोळी यायला लागली. मार्च महिना होता, आणि जाळ्यात येणारी मासळी पोटुशी. ज्याच्या त्याच्या पाटीवरून माशाच्या पोटातली अंड्यांची पिवळी पिशवी निघाली की ती केळीच्या पानात गुंडाळून खवणेकरांच्या दारात. तळलेली गाबोळी, कालवणातली गाबोळी, कांद्यावर परतलेली गाबोळी. "एका गाबोळीत लाखभर अंडी आसतत," यमुनाबाई ताटात वाढत म्हणायच्या. "तुका त्येतली धा लागली तरी डाक्तराच्या तोंडार मारूक पुरे."

"पोटात गेल्यावर सगळ्याची पेजच होता, आई," दीपिका एकदा म्हणाली.

"पेज झाली तरी अंड्यांचीच पेज मा?"

या युक्तिवादाला एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. दीपिका गाबोळी खात राहिली. ती चविष्ट होती, एवढं तिला मान्य करावं लागलं.

*

गोव्यातले डॉक्टर कौस्तुभ कमी बीजांच्या बायकांसाठीच प्रसिद्ध होते. त्यांचा दवाखाना हायवेच्या कडेला, बाहेरून हॉटेलसारखा आणि आतून विमानतळासारखा. भिंतीवर मोठं पोस्टर होतं: 'इतरांनी नाही म्हटलं? आमच्याकडे या.' खाली लिहिलं होतं की बीजं कमी असलेल्या शंभरातल्या नव्वद स्त्रियांकडून आम्ही बीज मिळवतो. पोस्टरवरची बाई बाळाला घेऊन हसत होती. तिचं वय फार तर चोवीस असावं.

डॉक्टरांचं बोलणं गोड, नखं स्वच्छ. त्यांनी दीपिकाला लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवले. ते आलेख दोन महिन्यांनी होणाऱ्या परिषदेतल्या व्याख्यानासाठी केले होते. तिच्यासाठी फक्त तालीम चालली होती. "आमची पद्धत वेगळी आहे. आधी महिनाभर संप्रेरकाचं जेल. मग वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं. मग नेहमीची इंजेक्शनं. अंडाशयाला जागं करायचं."

"नव्वद टक्के म्हणजे कशाचे?" दीपिकाने विचारलं.

"म्हणजे?"

"औषधं सुरू केलेल्या बायकांपैकी नव्वद टक्के, की प्रत्यक्ष टेबलावर घेतलेल्यांपैकी?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "आपण शिक्षिका का?"

"माती तपासते."

"अरे वा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या आलेखावर गेले.

उत्तर मिळालं नाही, पण दीपिकाला ते ठाऊक होतं. तिच्या प्रयोगशाळेत येणारे बागायतदार मातीचा नमुना नेमका शेणकईच्या, म्हणजे शेणखताच्या खड्ड्याच्या, बाजूचा आणत. बाग सगळी खडकाळ, पण अहवाल असा यायचा की जणू काठावर बी फेकलं तरी रान माजेल. "सगळ्या बागेतली थोडी थोडी माती घ्या," असं ती सांगून दमली होती. "सगळ्या बागेतली घेतली तर रिपोट वायट येतलो मा, बाई," असं एका बागायतदाराने तिला समजावून सांगितलं होतं. तो निदान खरं बोलला होता.

तरीही ती डॉक्टर कौस्तुभांकडेच राहिली. त्यांच्या आकड्यांवर तिचा विश्वास नव्हता, हातावर होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासताना जे दुखवलं होतं, ते यांच्या तपासणीत दुखलं नाही. हात चांगला आणि तोंड खोटं, असे कारागीर तिने घर बांधताना पुष्कळ पाहिले होते. घर उभं राहिलंच होतं.

जेल मांडीला चोळायचं होतं आणि ते पुरुषी संप्रेरकाचं होतं. हेही घरात कळलं. यमुनाबाई रोज सकाळी चहा देताना सुनेचा वरचा ओठ उजेडात धरून बघत. "अजून काय नाय," त्या सर्वेशला आतून सांगत. इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायची होती. ती बांगड्याच्या डब्याशेजारी राहिली, आणि वीज गेली की सर्वेश ती बर्फाच्या पेटीत घालून, पर्यटकांच्या थंड पाण्याच्या बाटल्यांसोबत आपल्या होडीवर नेई. तारकर्लीच्या समुद्रात डॉल्फिन बघायला आलेल्या एका पुणेकराने पाण्याची बाटली काढायला म्हणून पेटी उघडली, आणि वाढीच्या संप्रेरकाचं पाकीट हातात धरून विचारलं, "हे काय, माशांसाठी?"

"बायलेसाठी," सर्वेश म्हणाला. मग सगळं सांगितलं. पुणेकराने आपल्या मावशीच्या सुनेची हकीकत सांगितली. डॉल्फिन त्या दिवशी दिसले नाहीत.

एवढं करून सोनोग्राफीत दोन फॉलिकल दिसले. फॉलिकल म्हणजे ज्या पाण्याच्या फोडात बीज वाढतं तो. बाकीच्या बायकांना दहा-बारा येतात. दीपिकाला दोन, एक उजवीकडे, एक डावीकडे.

डॉक्टरांचा चेहरा पडला. तो तिच्यासाठी पडला असावा, असं वाटून घ्यायला तिला आवडलं असतं. "मी प्रामाणिकपणे सांगतो," ते म्हणाले, आणि दीपिका सावध झाली. "दोनांत काही अर्थ नाही. ही खेप इथेच थांबवू. पुढे एखाद्या तरुण दात्रीचं बीज घेऊ. यश हमखास."

"थांबवली तर मी तुमच्या शंभरांत धरली जाईन का?"

"कुठल्या शंभरांत?"

"पोस्टरवरच्या."

डॉक्टर हसले. शहाणी माणसं उत्तर नसलं की हसतात. "तुमची इच्छा असेल तर काढू," ते म्हणाले. "पण अपेक्षा ठेवू नका."

बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन कधी घ्यायचं ते त्यांनी सांगितलं. ते घेतलं की दीड दिवसाने बीज काढायचंच. उशीर झाला तर फोड आपोआप फुटतात आणि बीज पोटात हरवतं. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, कारण भूल द्यायची आहे. हे दीपिकाने घरी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळेला यमुनाबाई रागावल्या. "माका काय लहान चेडवासारख्या सांगतंस? कळला. उपाशी जावचा आसा."

*

जायच्या आदल्या संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं होतं. हे दीपिकाला ठाऊक नव्हतं. कामावरून येते तो वाडी रिकामी; सगळी देवळात. सासूने तिला हाताला धरून पुढे उभं केलं. देवासमोर पाच नारळ ठेवले होते आणि गाऱ्हाणं घालायला बाबली गावकर उभा होता. बाबलीचा आवाज असा, की त्याला माईक दिला तर माईकचाच अपमान व्हावा.

"बा देवा म्हाराजा!" बाबलीने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली.

"आज ह्या तुझ्या लेकरान, यमुनान, तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची सून दीपिका फाल्या गोव्यात जातली म्हाराजा! थंय तो डाक्तर तिच्या पोटातली अंडी काढतलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दीपिकाने जमिनीकडे पाहिलं. फरशीला एक बारीक चीर होती. ती तिच्यात मावली नसती.

"अंडी दोनच आसत म्हणतत म्हाराजा! एक उजव्या बाजूक, एक डाव्या बाजूक!" बाबलीची माहिती अचूक होती. "तर बा देवा, जा काय वाकडा आसात ता सरळ कर, जा काय आडवा आसात ता उभा कर, आणि त्या एका अंड्याची एकवीस कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एकाची एकवीस म्हणजे दोनांची बेचाळीस. एवढी बीजं आली तर पोटात पाणी भरून आपण अतिदक्षता विभागात जाऊ, हे दीपिकाच्या मनात आलं. तिने देवाला मनातल्या मनात दुरुस्ती कळवली: दोन पुरेत, दोन्ही धड मिळूदेत. मग आपण देवाला काही कळवलं याचं तिला आश्चर्य वाटलं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "डाक्तराचा नाव घे रे गाऱ्हाण्यात, नायतर देव दुसऱ्याच डाक्तराकडे जायत." बाबलीने नाव घेतलं. नारळ फुटले.

पहाटे गाडीत बसताना यमुनाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. हातात ओल्या खोबऱ्याचा तुकडा, वर गूळ. "गाऱ्हाण्याचो प्रसाद. वेस ओलांडूच्या आधी खावचो. आ कर."

"आई, उपाशी जायचंय."

"मगे? मी काय तुका भात घालतंय? प्रसाद म्हणजे काय खाणा?" त्यांचा आवाज खराखुरा चकित होता. एकादशी असो, सोमवार असो, प्रसादाने उपास मोडत नाही हे आजवर त्यांना कुणी शिकवायची वेळ आली नव्हती. डॉक्टरचा उपास देवाच्या उपासाहून कडक असतो, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती.

"आई, डॉक्टर म्हणाले—"

"डाक्तराच्या वर कोण नाय?"

सावित्रीकाकी कुंपणाशी उभी होती. तिच्या मागे आणखी दोघी. सर्वेश स्टिअरिंगवर बोटं वाजवत समोर बघत होता. आई आणि बायको बोलत असल्या की त्याला नेहमी समोर काहीतरी दिसे. दीपिकाने हिशेब केला. नको म्हटलं आणि बीज मिळालं नाही, तर मरेपर्यंत ऐकावं लागेल. तिने तोंड उघडलं. खोबरं गालात धरलं, मान हलवली, गाडीत बसली, आणि वळणावर खोकल्याचं निमित्त करून ते रुमालात काढलं. गूळ विरघळायच्या आत तोंडही पुसलं. यमुनाबाई मागच्या सीटवर डोळे मिटून नाम घेत होत्या. सर्वेशने डोळ्यांच्या कडेने पाहिलं. ही गोष्ट त्याने पुढे कुणाला सांगितली नाही. त्याच्या आयुष्यातली ती एकमेव.

*

दवाखान्यात नर्सने दीपिकाला गाऊन घालायला आत पाठवलं आणि बाहेर नातेवाइकांना विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का त्यांनी?"

"काय एक नाय," यमुनाबाई ठामपणे म्हणाल्या. मग, खरं बोलणाऱ्या बाईला राहवतं कुठे, "फक्त प्रसाद."

"कसला प्रसाद?"

"खोबरा नि गूळ. चांगलो मोठो तुकडो दिलो हा मी."

दीपिका गाऊन घालून बाहेर येते तो डॉक्टर कौस्तुभ, भूल देणारे डॉक्टर आणि नर्स असे तिघे तिची वाट बघत होते. तिने त्यांना बाजूला नेलं आणि हळू आवाजात सांगितलं की आपण तो तुकडा गिळला नव्हता, रुमालात काढला. पाहिजे तर रुमाल दाखवते.

"तुमच्या सासूबाई खोटं कशाला बोलतील?" भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

"त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना माहीत नाही."

"मग त्यांना सांगा. त्या म्हणाल्या की खाल्लं नाही, तर मी भूल देतो. दोघी दोन गोष्टी सांगत असताना मी जोखीम घेणार नाही. उलटी फुप्फुसात गेली तर?"

यात चुकीचं काही नव्हतं, म्हणूनच दीपिकाला राग आला. काचेपलीकडे यमुनाबाई बसल्या होत्या. पायातल्या चपला काढून खुर्चीवर मांडी घातली होती, आणि शेजारच्या बाईला त्या बाबलीचं गाऱ्हाणं साभिनय ऐकवत होत्या. शेजारची बाई "व्हय" म्हणत होती. प्रसाद थुंकला हे त्यांना सांगायचं, आणि मग बीज हाती लागलं नाही तर? ते गाऱ्हाणं मग कधी संपलं नसतं.

"सांगू नको गो आयेक," सर्वेश मागून पुटपुटला.

डॉक्टर कौस्तुभांनी मात्र हातातलं पेन बंद करून खिशात ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते अंगाला सैल बसत होतं. "काय करणार. दुर्दैव. उपास मोडल्यामुळे खेप रद्द, असं लिहू. यात ना तुमची चूक, ना आमची. तशीही दोनच होती. पुढच्या महिन्यात दात्रीचं बघू."

रद्द. म्हणजे शंभरांत धरायची नाही. खडकाळ माती परस्पर बांधाबाहेर. दीपिकाला वाटलं, या माणसाने देवळात एक नारळ ठेवायला हरकत नाही. देवाने त्याचंच ऐकलं.

"भूल नको," ती म्हणाली.

"अहो, सुई योनीमार्गातून अंडाशयात जाते."

"माहीत आहे. दोनच फॉलिकल आहेत. जागेवर बधिर करायचं इंजेक्शन देऊन काढता येतात. तुम्हीच लॅपटॉपवर दाखवलं होतंत, परदेशात करतात म्हणून. चौथा आलेख."

डॉक्टरांनी भूल देणाऱ्यांकडे पाहिलं. भूल देणाऱ्यांनी घड्याळाकडे. "मला चालेल," ते म्हणाले. "मी बाजूला उभा राहतो."

"तुम्ही हललात तर सुई कुठेही लागेल," डॉक्टर कौस्तुभ म्हणाले.

"नाही हलणार."

"दुखेल."

"दुखूदे."

आणि दुखलं. बधिर करायच्या इंजेक्शनाने वरचं वर बधिर झालं, आत पोटात कुणीतरी जाड दाभण घालून पोतं शिवावं तसं वाटलं. दीपिकाने टेबलाची कड धरली आणि डोळे पडद्यावर ठेवले. काळ्या-करड्या पडद्यावर उजवा फोड दिसत होता, गोल, भरलेला. सुईचं पांढरं टोक त्यात शिरलं. फोड आक्रसला आणि नळीतून पिवळसर पाणी आलं. नळी भिंतीतल्या छोट्या खिडकीतून पलीकडे गेली. पलीकडे सूक्ष्मदर्शकापाशी पूजा नावाची मुलगी बसली होती. बीज आहे की नाही ते ती बघायची.

"नाही," पूजाचा आवाज आला.

डॉक्टर सुई काढू लागले. "एक रिकामा. डावीकडे जाऊ."

"धुवून बघा," दीपिका म्हणाली. दात आवळलेले असल्यामुळे ते जरा उर्मट ऐकू आलं.

"काय?"

"फोड. त्याच सुईतून पाणी सोडून, परत ओढून. कधी कधी बीज भिंतीला चिकटून राहतं."

या खोलीत पेशंट बोलत नसत. "त्याचा सरासरीने काही फायदा होत नाही," डॉक्टर म्हणाले. "तसे अभ्यास आहेत. मी स्वतः व्याख्यानात सांगतो."

"सरासरी व्याख्यानाला ठेवा. माझा हा एकच आहे."

भूल देणारे डॉक्टर खोकले. ते हसले नसावेत. डॉक्टर कौस्तुभांचे कान लाल झाले, पण हात आधीच्याइतकाच स्थिर होता. त्यांनी पाणी सोडलं. फोड परत फुगला. पाणी ओढलं. नळी खिडकीतून गेली.

"नाही."

"आणखी एकदा," दीपिका म्हणाली. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात चाललं होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पाणी सोडलं, ओढलं. नळी गेली. या वेळेला खिडकीपलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. बाहेरून, दोन दारांपलीकडून, यमुनाबाईंचा आवाज मात्र येत होता: जा काय आडवा आसात ता उभा कर.

"आहे!" पूजा ओरडली. दवाखान्यात असं ओरडायचं नसतं. "मिळालं! आहे!"

डावीकडचं पहिल्याच ओढीत आलं. एका बाईच्या एका फोडावरून काहीच सिद्ध होत नाही, हे दीपिकाला नीट माहीत होतं. धुतलं नसतं तर काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. प्रयोगशाळेत कुणी एका नमुन्यावर निष्कर्ष काढला असता तर तिने तो परत पाठवला असता. पण प्रयोगशाळेत ती टेबलावर आडवी नसे.

डॉक्टर कौस्तुभांनी हातमोजे काढले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "दोनांत दोन! शंभर टक्के! तेही भूल न देता!" ते क्षणभर थांबले. दीपिकाला त्यांच्या डोळ्यांत नवा आलेख उमटताना स्पष्ट दिसला. "तुमची हरकत नसेल तर परिषदेत मी ही केस मांडीन. भूल न देता, धुवून बीज काढण्याची आमची पद्धत."

"आमची?" दीपिका म्हणाली.

पण ते पुढच्या बाईकडे निघून गेले होते.

*

परतीच्या वाटेवर बाबलीचा फोन आला. सर्वेशने स्पीकर चालू केला.

"किती गावली रे?"

"दोन."

"दोनच? एकवीस सांगितलली मी." बाबली दुखावला होता. "कोणीतरी मनात आडवा आणल्यान. गाऱ्हाण्याच्या येळाक कोणाचा मन दुसरीकडे होता?"

"दोनातली दोन गावली मा?" यमुनाबाई मागून ओरडल्या. "डाक्तर तर एकपण नाय म्हणी होतो. माझ्या प्रसादान गावली. भूल देवची पडूक नाय तिका, बघ! देवान वेदनाच होवक दिली नाय."

दीपिका पुढच्या सीटवर पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. बांद्याला तिने गाडी थांबवायला लावली आणि दोन प्लेट भजी एकटीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात माणसं. बाबली स्वतः आला होता, गाऱ्हाण्याची बाजू मांडायला. सावित्रीकाकीचं म्हणणं, श्रेय गाबोळीचं; शेवटची मोठी गाबोळी तिच्याकडची होती. यमुनाबाई प्रसाद सोडायला तयार नव्हत्या. ओटीवर सुरमईच्या लिलावासारखा आवाज चालला होता, आणि आतल्या खोलीत दीपिका अंथरुणावर पडून फोनची वाट बघत होती. काढलेल्या बीजांचं पुढे काय झालं, ते आज कळणार होतं. हे तिने सगळ्यांना सांगितलं होतं. पण बीजं मिळाली म्हटल्यावर काम झालंच, आता फक्त श्रेयाची वाटणी उरली, अशी ओटीवर समजूत होती.

दुपारी पूजाचा फोन आला. उजवीकडचं बीज, ते धुवून काढलेलं, कच्चं निघालं. ते गेलं. डावीकडचं पक्कं होतं. "फलित झालंय, मॅडम," पूजा म्हणाली. "मी दोनदा बघितलं. छान दिसतंय. परवा परत फोन करते."

"छान म्हणजे कसं?"

"गोल," पूजा म्हणाली. मग तिलाच ते कमी वाटलं. "खूप गोल."

दीपिकाने फोन छातीवर ठेवला. दार उघडंच होतं. ओटीवर बाबली सांगत होता की पुढच्या गाऱ्हाण्यात नाळ, नाव, शाळा सगळंच एकदम मागून घ्यावं, म्हणजे परत परत नारळ नको. कुणीतरी आत येऊन विचारील म्हणून तिने थोडी वाट पाहिली. कुणी आलं नाही. तिने कूस बदलली.

संध्याकाळी सर्वेश होडी लावून आला. ओटीवरच्या गर्दीतून वाट काढत तो आत आला, अंगाला खाऱ्या पाण्याचा आणि डिझेलचा वास, आणि तिच्या पायाशी बसला.

"अजून दुखता काय गो?"

"दुखता," दीपिका म्हणाली. कालपासून हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. तिने छताकडे पाहिलं. "एक गेला. एक लागला."

सर्वेश तिच्याकडे बघत राहिला. शब्द त्याच्या आत उतरायला नेहमीच वेळ लागे. बाहेर यायला लागत नसे. मग त्याचा चेहरा हळूहळू उघडला, त्याने मोठा श्वास घेतला, मान ओटीकडे वळवली आणि हाक मारायला तोंड उघडलं.

दीपिकाने उठून त्याच्या तोंडावर हात दाबला. उठताना पोटात कळ आली, तरी हात काढला नाही. तळव्याला त्याच्या मिशा टोचत होत्या आणि आतून कोंडलेली "आये" गरम वाफेसारखी लागत होती. ओटीवर यमुनाबाई सावित्रीकाकीला विचारत होत्या की तुझी गाबोळी एवढी गुणाची, तर तुझ्या सुनेक आजून कित्याक काय नाय. सर्वेशचे डोळे मोठे झाले होते. त्यांत पाणी होतं.

"गप ऱ्हव," ती हळूच म्हणाली. "वाईच गप ऱ्हव."

त्याने मान हलवली. तिने हात तसाच ठेवला.